थंडी फक्त यंत्रांसाठी

एखादी संस्था किती पुढारलेली आहे, हे तिथे बसलेल्या माणसांचे दात किती वाजतात यावरून ओळखावं. मागासलेल्या कार्यालयांत खिडक्या असतात. वारा येतो, कागद उडतात, माणसं ते गोळा करत फिरतात आणि त्या निमित्ताने त्यांच्या अंगात ऊब राहते. आमच्याकडे तसला गावंढळ प्रकार नाही. आमच्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या आहेत (उघडल्या तर एसी बिघडतो, आणि एसी बिघडला तर खिडक्या उघडाव्या लागतील), आणि मी तिथे देखभाल विभागाचा प्रमुख आहे. हे मी मिरवायला सांगत नाही, पण सांगितलेलं बरं.

आता हा एसी आला कसा ते ऐका. तो माणसांसाठी आला असा अनेकांचा गैरसमज आहे. माणसांसाठी आमच्याकडे आजवर काहीही आलेलं नाही. फार वर्षांपूर्वी कार्यालयात हिशेब करणारं एक कपाटाएवढं यंत्र आणलं. त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, याला अठरा अंशांत ठेवा, नाहीतर आमची जबाबदारी नाही. झालं! छताखालून पत्र्याचे बोगदे फिरवले, जागोजागी जाळ्या बसवल्या, गच्चीवर कॉम्प्रेसर चढवला आणि अठरा अंशांचा हुकूम काढला. यंत्राला पुरून जी थंडी उरायची ती कर्मचाऱ्यांवर सांडायची. पुढे यंत्र जुनं होऊन भंगारात गेलं. त्याचं बघणारे अधिकारी त्याच महिन्यात निवृत्त झाले. मागे राहिला तो यंत्राचा लोखंडी चौथरा आणि अठरा अंश. ते बदलायचे तर यंत्र विभागाने कळवायला हवं, आणि यंत्र विभाग म्हणजे तेच अधिकारी, जे आता घरी नातवंडं खेळवतात. मी त्यांना फोन केला तर म्हणाले, "यंत्राला विचारा." (माणूस पहिल्यापासूनच हुशार होता.)

देखभालीत मात्र आम्ही कुणाला हार जाणार नाही. दर तिमाहीला आमचा गॅसवाला येतो. त्याचं काम एसी दुरुस्त करण्याचं, पण सगळे त्याला गॅसवालाच म्हणतात, कारण तक्रार कोणतीही असो, पाणी गळतंय, आवाज येतोय, दिवा लुकलुकतोय, तो वर न बघताच सांगतो, "गॅस कमी झालाय." एकदा लिफ्ट अडकली होती, तेव्हाही तो जाता जाता हेच म्हणाला, आणि लिफ्ट सुरू झाली. असो. जाळी साफ केली की नियमाप्रमाणे तिच्यावर 'साफ केली' असा शिक्का मारलेला कागद चिकटवायचा. आधीचा कागद काढायचा, असं नियमात कुठेही नाही, त्यामुळे आम्ही तो काढत नाही. अशा रीतीने वर्षानुवर्षं इतकी काटेकोर साफसफाई झाली की जाळ्या कागदांनी पार बुजल्या आणि त्यांतून झुळूकही येईना. स्वच्छतेचा याहून मोठा पुरावा कुणाकडे असेल तर दाखवावा.

एकच जाळी उघडी राहिली. तिच्याखाली टेलिफोनचा बोर्ड आहे आणि तिथे शिडी लागत नाही. म्हणजे ती कधी साफही झाली नाही आणि तिच्यावर कागदही नाही. आता गच्चीवरचा कॉम्प्रेसर अख्ख्या इमारतीची थंडी तयार करणार आणि ती बाहेर पडणार त्या एका भोकातून. त्या भोकाखाली बसतात आमच्या टेलिफोनताई.

याबाबत मी जातीने पाहणी केली. निम्म्या कर्मचाऱ्यांना घामाच्या धारा लागतात, निम्म्यांना काहीच वाटत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना विचारायला जावं तर ते जागेवर नसतात. गारठणाऱ्यांचं प्रमाण 'एक बाई' इतकं नगण्य निघालं. त्यामुळे घाम येणाऱ्यांच्या मागणीला मान देऊन कॉम्प्रेसर आणखी जोरात चालवण्यात आला.

टेलिफोनताईंचं काम बोलण्याचं. बाहेरून फोन आला की तो घ्यायचा, "थांबा हं, जोडून देते" म्हणायचं आणि ज्याचा त्याला जोडून द्यायचा. सकाळी त्यांचा आवाज खणखणीत असे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो घोगरा होई, आणि संध्याकाळी फोन करणाऱ्याला वाटे की आपण चुकून कुणा आजारी आजोबांना झोपेतून उठवलं. शेवटी साहेबांनी त्यांना बोलावून समज दिली. घसा असाच बसत राहिला तर बोर्डावरून काढून गोदामात पाठवण्यात येईल. गोदाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ताईंच्या घरी म्हातारी आई एकटी. तिला जेवायला वाढायला ताई रोज दुपारी सुट्टीत धावत घरी जातात आणि धावत परत येतात. गोदामात गेल्या की ते संपलं.

त्या माझ्याकडे आल्या. "दादा, तेवढी जाळी फिरवा हो. हात जोडते." (आवाज फुटत नव्हता. मी ओठांवरून समजून घेतलं.)

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी डबा तसाच परत नेला. पण वाईट वाटणं हे काम माझ्या विभागाकडे येत नाही. मी नियम उघडले. माणसाला थंडी बाधली तर काय, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. यंत्राला बाधली तर काय, यावर मात्र पानंच्या पानं आहेत आणि ती इतक्या मायेने लिहिली आहेत की वाचताना डोळ्यांत पाणी येतं. यंत्राला सोसेल तेवढीच थंडी द्यावी. किती सोसेल ते यंत्र बनवणाऱ्याने लेखी द्यावं. ते लेखी आल्यावर कुणाचीही परवानगी न घेता तापमान बदलावं.

मी टेबलावर हात आपटला. इतका सरळ मार्ग समोर असताना आम्ही उगाच डोकं फोडून घेत होतो! ताईंना यंत्र करून टाकायचं.

ताई आधी बिचकल्या. "यंत्र म्हणजे? मला काय काय करावं लागेल?"

"काहीच नाही. सध्या करता तेच."

मी ताईंना यंत्र करण्याचा अर्ज भरला आणि साहेबांनी त्यावर न वाचता सही केली (साहेब वाचून सही करायला लागले तर कामं तुंबतील). रिकाम्या चौथऱ्याचा एक नंबर पडून होता, तो ताईंना दिला. राहता राहिला उत्पादकाचा दाखला. दुसऱ्या दिवशी ताई आईंना हाताला धरून घेऊन आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "ही तुम्ही बनवलीत?"

"मग काय शेजारणीने?" आई म्हणाल्या.

"हिला किती अंश चालतात?"

"अंशबिंश मला कळत नाही बाबा. हिला लहानपणापासून गार सोसत नाही. पंख्याखाली निजली की सकाळी घसा धरलाच म्हणून समज. आणि हिला वेळेवर खायला देत जा, उपाशी राहिली की चिडते."

मी लिहून घेतलं: सव्वीस अंश, इंधनास उशीर झाल्यास तापते. आईंनी सही केली आणि लेकीच्या पदराची सुटलेली पिन लावून दिली (उत्पादकाने विक्रीनंतर दिलेल्या सेवेचं हे आमच्याकडचं एकमेव उदाहरण).

दुसऱ्या दिवसापासून सव्वीस अंश! ताईंचा आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख. साहेब गोदामाचं नाव काढेनात. ताईंनी मला घरून डबाभर खाऊ आणून दिला आणि मी तो यंत्राकडून मिळालेलं उत्पादन म्हणून स्वीकारला.

आता यंत्र म्हटलं की देखभाल आलीच. तिमाही भरल्यावर गॅसवाला आला, लांबूनच ताईंकडे बघून "गॅस कमी झालाय" म्हणाला आणि 'साफ केली' हा कागद त्यांच्या खांद्यावर चिकटवून गेला. संध्याकाळी सुटायच्या वेळी शिपाई त्यांच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालू लागला. ताई तेवढं काढून, घडी करून, खुर्चीवर ठेवून घरी जात. त्यांच्या रजा बंद झाल्या, पण त्याऐवजी त्यांना 'बंद पडणे' ही सवलत लागू झाली, आणि इथेच सगळ्यांचे डोळे उघडले. माणूस कामावर आला नाही तर त्याच्याकडे खुलासा मागतात. यंत्र बंद पडलं तर हळहळतात आणि काळजीने विचारतात, कधी सुरू होईल हो?

मग काय विचारता! लेखा विभाग अख्खाच्या अख्खा यंत्र झाला. शिपाई झाला. लिफ्टवाला आधीपासूनच आपण यंत्र आहोत असं समजून चालला होता, त्याला फक्त नंबर दिला. मीही झालो (माझ्या आईने एकवीस अंश आणि 'ओरडू नये' एवढं लिहून दिलं). राहिले फक्त साहेब. अर्जातला 'हे यंत्र काय काम करते' हा रकाना त्यांना काही केल्या भरता येईना, म्हणून ते बिचारे माणूसच राहिले. दरम्यान सगळ्यांच्या आया बोळकांडीत जमून तापमानावरून हमरीतुमरीवर आल्या. एकीच्या मुलाचं नाक चोंदायचं, दुसरीच्याला घामोळं यायचं. शेवटी जुनं यंत्र म्हणून ताईंचेच सव्वीस कायम ठेवले आणि बाकीच्या आयांची समजूत घालून त्यांना घरी पाठवलं.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, आणि लागलीच. वरच्या कार्यालयाने हुकूम काढला की जुनी यंत्रं भंगारात काढावीत, एका वेळी एक, नंबराप्रमाणे. चौथऱ्याचा नंबर पहिला. (माझा नंबर बराच मागे आहे, मी बघून ठेवलंय.)

भंगारवाला येऊन ताईंचा अंदाज घेऊन गेला. त्याने त्यांना एका बाजूने किंचित उचलूनही पाहिलं. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, अहो मी माणूस आहे! हे काय चाललंय? आई जेवायची थांबलीय घरी!"

त्यांचं म्हणणं मी शांतपणे ऐकून घेतलं. माझाही जीव तुटत होता, पण आवाज चढवू नये असं माझ्या दाखल्यातच आहे. मी नियम पाहिले. यंत्राचा पुन्हा माणूस करता येतो, अडचण काहीच नाही. ते माणूस आहे असं एका माणसाने लिहून द्यायचं, बस्स. पण द्यायचं कुणी? आम्ही सगळे सह्या करायला धावलो. यंत्राची सही चालत नाही. आईंची सही, तर उत्पादकाचं हित गुंतलेलं, ती बाद. साहेबांना विचारलं, तर त्यांनी बराच विचार केला. "आवाज ओळखीचा आहे," ते म्हणाले, "पण ठामपणे नाही सांगता यायचं. मी कधी तिकडे नीट बघितलं नाही."

मग नियमांत शेवटची एक वाट सापडली. बाहेरून फोन करणाऱ्यांपैकी कुणीही एकाने साक्ष दिली तरी पुरे. फक्त पुरावा असा हवा, की फोन ठेवण्याआधी त्याने बोर्डावरच्या आवाजाचे आभार मानले होते. यंत्राचे कुणी आभार मानत नाही, तेव्हा हा पुरावा बिनतोड. आम्हाला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत इतके फोन, एक तरी निघेलच की! आम्ही एकेकाला गाठून विचारायला बसलो. आजवर आलेली उत्तरं अशी: "ते रेकॉर्ड केलेलं असतं ना?" "हो, बाईचा आवाज आहे खरा, चांगला बसवलाय." "मला आठवतं, मी जाम शिव्या घातल्या होत्या." (शिव्या ग्राह्य नाहीत. त्या लोक एसीलाही घालतात.)

भंगारवाला सोमवारी गाडी घेऊन येतोय. ताई तोवर बोर्डावर आहेत, आणि प्रत्येक फोन घेताना पलीकडचा माणूस शेवटी काय म्हणतो ते जीव मुठीत धरून ऐकतात. उत्तर द्यायचे आता थोडेच लोक राहिलेत आणि त्यांत तुम्ही आहात. नाही कसं, अशा कुठल्या तरी कार्यालयात तुम्हीही फोन केलाच असेल. पलीकडून "थांबा हं, जोडून देते" असं ऐकू आलं, तुमचं काम झालं आणि तुम्ही फोन ठेवलात. ठेवण्याआधी काय म्हणालात, तेवढं सांगा. नीट आठवून सांगा, शपथेवर लिहून घ्यायचंय.