खवळलेल्या मेबलचे दोनशेवीस फूट

लायल स्टोव्हरचे दोनशेवीस फूट राहिले होते.

पाव मैलाची शर्यत तेराशेवीस फुटांची असते. वळण नाही, विचार नाही, नाकासमोर जायचं. १९६४च्या ऑक्टोबरात, बदामाच्या बागांमधल्या धावपट्टीवर, वीस वर्षांचा लायल स्वतःच्या हातांनी बांधलेल्या गाडीत बसून अकराशे फूट गेला आणि तिथे इंजिनाने राम म्हटला. गाडी भंगाराच्या भावात गेली. लायल ऑइलडेलच्या तेलविहिरींवर वेल्डर झाला, त्याने नोरीनशी लग्न केलं, यथावकाश निवृत्तही झाला. पण ते दोनशेवीस फूट राहिले ते राहिलेच. कधीकधी जेवताना तो काटा हातात धरून असा समोर बघत बसायचा की नोरीन विचारायची, "पोचलास का?"

"नाही अजून," तो म्हणायचा आणि जेवायला लागायचा.

चार वर्षांपूर्वी ती गाडी सापडली. गाडी कसली, सांगाडा. डेलानोच्या एका माणसाच्या खुराड्यात तो आडवा टाकला होता आणि एकतीस वर्षं त्याच्यावर कोंबड्या झोपत होत्या. लायलने बाजूच्या पत्र्यावरची विष्ठा खरवडली तेव्हा खाली स्वतःच रंगवलेली अक्षरं दिसली: 'खवळलेली मेबल'. मेबल ही त्याची आत्या. आपलं नाव गाडीला दिलंय हे कळल्यावर आत्या त्या नावाला जागली होती.

मग चार वर्षं घर मेबलचं झालं. गॅरेज भरलं, मग स्वयंपाकघर भरलं. पिस्टन जेवणाच्या टेबलावर आले. नोरीनने एकच सीमारेषा आखली होती: दिवाणखान्यातलं काचेचं कपाट. त्यात तिच्या लग्नातल्या निळ्या काठाच्या बारा बश्या होत्या. एकोणपन्नास वर्षांत त्यांच्यावर कोणी काही खाल्लं नव्हतं.

"तिथे एक नट जरी ठेवलास ना, तर मेबलबरोबर तुलाही खुराड्यात पाठवीन," ती म्हणाली.

"त्या बश्या कशासाठी ठेवल्यात पण?"

"चांगल्या दिवसासाठी."

गाडी तयार झाली. आता धावपट्टी हवी होती आणि धावपट्टी होती मंडळाच्या ताब्यात.

'ऐतिहासिक शर्यतवाहन अस्सलता मंडळ' दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा मेळा भरवतं. या मेळ्याला सगळे खाकरणी म्हणतात. या गाड्यांना स्वतःहून सुरू होता येत नाही. मागून ट्रकने ढकलावं लागतं. ढकलली की गाडी पेटते, धुरांड्यांतून जाळ काढते, नायट्रो इंधनाचा धूर सोडते, दीड मिनिट खाकरते आणि बंद होते. धावत मात्र नाही. धावली तर झिजेल. लोक तिकिटं काढून येतात, डोळे चोळत रडतात आणि काय दिवस होते ते, असं म्हणत सॉसेज खातात. ते दिवस नेमके कशासाठी चांगले होते, हे कोणी विचारत नाही.

मंडळाचा अर्ज चव्वेचाळीस पानांचा होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'धावण्यास पूर्णपणे सक्षम असल्याखेरीज कोणत्याही वाहनास न धावण्याची परवानगी मिळणार नाही.'

लायलने हे वाक्य तीनदा वाचलं आणि मित्राला फोन लावला. ड्वेन पिकेट. चौसष्ट साली मेबलला ढकलणारा ट्रक त्याचाच होता आणि अजूनही तो ट्रक त्याच्याचकडे होता.

"गड्या, हे लोक येडे आहेत का?"

"येडे असते तर बरं होतं," ड्वेन म्हणाला. "येड्यांना शिक्का मारता येत नाही. तू अर्ज भर. आधी आत तर शिरू."

तपासणीला अध्यक्ष स्वतः आले. प्रेस्टन अलरी हे निवृत्त दंतवैद्य. वेगाशी त्यांचा संबंध इतकाच, की रुग्ण त्यांच्या खुर्चीतून उठून पळत असत. हातांत पांढरे हातमोजे, खिशात भिंग. बरोबर उपाध्यक्षा मार्लीन फिस्क. मंडळात दोन पक्ष आहेत. अलरींच्या मते गाडी शेवटच्या शर्यतीच्या दिवशी होती तशी हवी. फिस्कबाईंच्या मते गाडी सापडली त्या दिवशी होती तशी हवी. धूळ हाही इतिहास आहे, असं त्या पत्रकं काढून सांगतात.

अलरींनी भिंग लावून सांगाड्याचा एक सांधा बघितला आणि मान हलवली.

"मिस्टर स्टोव्हर, हे वेल्डिंग फार चांगलं आहे."

"थँक यू."

"ही तक्रार आहे. मूळ वेल्डिंग वाकडं होतं. आमच्याकडे छायाचित्र आहे."

"वाकडं असणारच! एकोणीस वर्षांचा होतो मी, येत कुठे होतं मला? नंतर शिकलो. सेहेचाळीस वर्षं तेच केलं."

"आपण शिकलात याबद्दल अभिनंदन," अलरी गंभीरपणे म्हणाले. "परंतु शिकण्याची तरतूद नियमांत नाही."

इतक्यात फिस्कबाई किंचाळल्या. "आणि विष्ठा? विष्ठा कुठे आहे?"

"धुतली," लायल म्हणाला.

"एकतीस वर्षांचा वारसा आपण धुतलात?"

अर्धा तास अलरी आणि फिस्कबाईंची जुंपली. शेवटी तडजोड झाली. सगळे सांधे पुन्हा वाकडे करायचे आणि मागच्या बाजूला सांगाड्याच्या एक फूट नळीवर विष्ठा पूर्ववत लावून तिला वॉर्निश द्यायचं. विष्ठा त्याच जातीच्या कोंबड्यांची हवी.

लायल डेलानोला जाऊन डबा भरून घेऊन आला. ते सोपं होतं. अवघड होतं ते वाईट वेल्डिंग. सेहेचाळीस वर्षांचा हात. तो काही केल्या चुकेना. डोळे मिटून केलं, डाव्या हाताने केलं, तीन बिअर पिऊन केलं. प्रत्येक सांधा सोन्याच्या चेनीसारखा सरळ. लायल रडकुंडीला आला.

"सरक तिकडे," नोरीन म्हणाली. तिने एप्रन न काढताच वेल्डिंगचा मुखवटा चढवला. आयुष्यात पहिल्यांदा वेल्डिंगची मशाल हातात धरली आणि शिव्या देत देत सहा सांधे केले.

दुसऱ्या तपासणीत अलरी त्या सांध्यांसमोर गुडघे टेकून बसले. त्यांचे डोळे पाणावले. "अस्सल," ते पुटपुटले. "हा तरुण, अडाणी, निर्भय हात! हा आज कुठे सापडायचा?"

"बिस्किटं भाजायला आत गेलाय," ड्वेन म्हणाला.

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण अलरींनी चाळिसावं पान उघडलं.

"आता चालक. नियम बासष्ट: चालक हा वाहनाचा भाग समजावा. नियम त्रेसष्ट: चाळीस टक्क्यांहून अधिक भाग बदललेले असल्यास प्रतिकृती समजावी. आपलं चौसष्टचं वजन?"

"एकशे चाळीस पौंड."

"आत्ताचं?"

"दोनशे अठ्ठावीस," नोरीन आतून ओरडली. लायलने एकशे नव्वद सांगायचं ठरवलं होतं.

"डावा गुडघा?"

"टायटॅनियम."

"म्हणजे बाहेरून बसवलेला. खुबा?"

"तोही."

"डोळ्यांची भिंगं बदललेली दिसतात. श्रवणयंत्र. आणि दात..." इथे अलरींचा आवाज कापरा झाला, दात हा त्यांचा विषय होता. "वरची पूर्ण ओळ नवी. मिस्टर स्टोव्हर, मला वाईट वाटतं. आपण लायल स्टोव्हर नाही. आपण लायल स्टोव्हरची बऱ्यापैकी प्रतिकृती आहात."

लायलच्या हातातला पाना खाली पडला. "अहो, ही गाडी मी बांधली! हा माणूस साक्षीला आहे!"

"मिस्टर पिकेट यांनाही हृदयात दोन नळ्या बसवल्या आहेत. त्यांची साक्ष नूतनीकृत ठरते."

नोरीन कंबरेवर हात ठेवून बाहेर आली. "माझ्याकडे लग्नाचा दाखला आहे. त्यावर याचंच नाव आहे."

"कोणत्या सालचा?"

"सहासष्ट."

"उशीर झाला," अलरी म्हणाले. "आमचा चालक चौसष्टचा आहे. आपण कोणाशी लग्न केलंत, यात मंडळ पडू इच्छित नाही."

पण मंडळ निर्दय नव्हतं. गाडी त्यांना आवडली होती. रिकामी गाडी मेळ्यात नेता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच उपाय सुचवला. बेकर्सफील्डच्या एका बंद पडलेल्या कापडाच्या दुकानातला एक पुतळा मंडळाच्या संग्रहात होता. बनवलेला १९६१ साली, वजन भरून एकशे चाळीस पौंड, एकही भाग बदललेला नाही. त्याला लायलचं जुनं चामडी जाकीट चढवायचं, हेल्मेट, गॉगल आणि तोंडावरचा फडका लावायचा. सुकाणू दोरीने बांधायचं, शर्यत सरळच असते. इंधनाची, ठिणगीची आणि ब्रेकची कळ लांब तारांनी मागच्या ट्रकमधून ओढायची. आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं: 'मूळ चालक: पुतळा.'

पुतळा घरी आला. नोरीनने त्याचं नाव रँडल ठेवलं. "या घरात माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारा हा पहिला पुरुष," ती म्हणाली.

लायल मात्र दोन दिवस गॅरेजमध्येच जेवला. तिसऱ्या दिवशी तो टेबलावर जेवताना प्रमाणपत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचत होता. वाचता वाचता त्याने काटा खाली ठेवला.

"नोरीन, हे ऐक. 'प्रत्येक वाहन इतिहासात जिथे शेवटचे थांबले, नेमके तिथेच उभे करावे.' म्हणजे अकराशे फुटांवर! पुढे दोनशेवीस फूट. मोकळे. आणि हे बघ, 'समोरील पट्टी दृश्यासाठी निर्मनुष्य ठेवावी.'"

"पण गाडीत तर रँडल असणार."

लायलने आपलं जुनं चामडी जाकीट अंगाला लावून बघितलं. नोरीनने रँडलकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"पोट आत घेता येईल का?" तिने विचारलं.

मेळ्याच्या दिवशी तीन हजार माणसं होती. धावपट्टीवर मेबल उभी होती. आत जाकीट, हेल्मेट, गॉगल, फडका. जाकिटाची पाठ नोरीनने उभी कापून आतून चादर जोडली होती. अलरी हातमोजे घालून आले, चालकाला समोरून न्याहाळलं, गॉगलमध्ये डोकावले. चालकाच्या नाकावर माशी बसली. नाक हललं नाही.

"नजरेत जिवाचा मागमूस नाही," अलरी समाधानाने म्हणाले. "अस्सल."

मग ते ट्रकपाशी गेले. ड्वेन सुकाणूमागे होता, पलीकडे नोरीन आणि मध्ये लायलची टोपी घातलेला रँडल.

"मिस्टर स्टोव्हर, राग नाही ना?"

रँडल समोर बघत राहिला.

"दुखावलाय बिचारा," नोरीन म्हणाली. "सकाळपासून एक शब्द नाही."

अलरींनी रँडलच्या खांद्यावर थोपटलं. "प्रतिकृती असलात तरी माणूस म्हणून आपण भक्कम आहात."

भोंगा वाजला. ड्वेनने ढकललं. दोनशे फूट, चारशे फूट, आणि मेबल पेटली. एक्कावन्न वर्षांनी तिने घसा मोकळा केला तेव्हा पलीकडच्या झाडांवरचे बदाम पडले. अकराशेच्या खुणेवर ती अचूक थांबली. जाळ, धूर, अश्रू. तीन हजार माणसं मनसोक्त रडत होती. एक मिनिट झालं. सव्वा मिनिट झालं.

गाडीत लायलने डाव्या पायाने क्लच दाबला. तोच तो बाहेरून बसवलेला गुडघा. गिअरचा दांडा ओढला. सुकाणूची दोरी तो आधीच सोडून बसला होता.

मग त्याने पाय सोडला.

जे झालं ते सांगायला जितका वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. मेबल पुढची चाकं उचलून निघाली, अलरींच्या हातमोज्यांवर रबराची काजळी बसली आणि शेवटच्या रेषेपलीकडे गाडी थांबवणारी हवाई छत्री उघडली. मग शांतता. त्या शांततेत ड्वेन ट्रकच्या टपावर उभा राहून हातातलं घड्याळ बघत ओरडला, "एक्कावन्न वर्षं आणि तीन सेकंद! सुधारणेला वाव आहे, लेका!"

मंडळाची चौकशी सहा आठवडे चालली. निष्कर्ष सोपा होता. मिस्टर स्टोव्हर यांची प्रतिकृती घटनेच्या वेळी ट्रकमध्ये होती, अध्यक्षांनी स्वतः तिच्या खांद्यावर थोपटलं होतं. गाडीत प्रमाणित पुतळा होता. सबब पुतळ्याला आजन्म बंदी. त्याशिवाय प्रेक्षकांच्या चारशे बारा लेखी तक्रारी: आम्ही गाड्या न धावताना बघायला आलो होतो, एक धावली, आमच्या भावनांचं काय? मंडळाने सर्वांची जाहीर माफी मागितली.

तो निकाल आला त्या संध्याकाळी नोरीनने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, रांधली. मग हात पुसले, दिवाणखान्यात गेली आणि काचेचं कपाट उघडलं. किल्ली शोधायला तिला पाऊण तास लागला. चौघांना चार बश्या मांडल्या. रँडललाही, त्याच्यामुळेच तर झालं. ड्वेनने जोरात खरवडून एका बशीचा काठ उडवला.

"अगं, फुटली की!" लायल म्हणाला.

"फुटू दे. पोचलास ना?"

"पोचलो," लायल म्हणाला आणि आणखी वाढून घेतलं.

तुम्ही अलरींना हसलात. छान. आता उठा आणि तुमच्या शोकेसमधला तो पाहुण्यांचा कपबश्यांचा संच बाहेर काढा, चहा टाका. किल्ली कुठे आहे ते आठवत नसेल, तर घाबरू नका. मंडळाच्या सभासद-यादीत तुमचं नाव केव्हाच आलंय, आणि तुम्ही अगदी अस्सल आहात.