वकीलसाहेबांचं खासगी पोट

"कायदा बाजारात यायच्या आधी आपल्या दुकानात आला पाहिजे!" टेलरमास्तरांनी जाहीर केलं आणि टांगलेल्या कापडांवरच्या गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

नवा कायदा त्यांना व्यापारी मंडळाच्या वकीलसाहेबांनी समजावला होता. गिऱ्हाइकाची खासगी माहिती जपायची. कामापुरती, कमीत कमी माणसांनाच कळू द्यायची. औषधवाले घाबरले, मोबाइलवाले रडकुंडीला आले. मास्तर मात्र खूश! कापड मोजण्यात आपल्यातला कायदेपंडित फुकट गेला, असं त्यांचं फार दिवसांचं प्रामाणिक मत होतं.

दुकानाची रीत अशी, की बाहेर मास्तर माप घेणार आणि आतल्या खोलीत त्यांची बायको बेतून शिवणार.

"हा कोट कुणाचा?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक क्रमांक सात."

"अहो, पण माणूस कोण?"

"ते सांगणं गुन्हा आहे!"

"मी तुमची बायको आहे."

"कायद्यात बायकोला सूट नाही. वाचलंय मी!" वाचलं काही नव्हतं.

"माणूस कळल्याशिवाय मी शिवू काय?"

"माप शीव!"

संसारात कधी कधी वाद घालण्यापेक्षा शिवून मोकळं होणं बरं असतं. तिनं मापाबरहुकूम कोट शिवला. इंचाला इंच.

क्रमांक सात म्हणजे खुद्द वकीलसाहेब. मंडळाच्या सगळ्या सभासदांना एकसारखे कोट शिवायचे घाटत होते. नमुन्याचा कोट घालून वकीलसाहेब सभेत बोलणार आणि तो पसंत पडला तर सगळं काम मास्तरांना मिळणार. तयार कपड्यांच्या दुकानांनी मास्तरांचं कंबरडं आधीच मोडलं होतं. हेही काम गेलं असतं तर दुकानाला कुलूपच!

वकीलसाहेबांना घालून बघायला सवड कुठली? सभेच्या दारातच त्यांनी कोट चढवला, श्वास आत ओढून बटणं लावली आणि तसेच बोलायला उभे राहिले.

"मंडळी, आपल्याकडची माहिती कुठल्याही परिस्थितीत बाहेर पडता कामा नये!"

एवढं म्हणून त्यांनी श्वास सोडला. पोट बाहेर पडलं. वरचं बटण थेट अध्यक्षांच्या चहात गेलं. खालचं अजून सापडलेलं नाही.

वकीलसाहेब तडक दुकानात आले. त्यांच्यामागे भांडीवाले अध्यक्ष आणि त्यांच्यामागे, फुकटची गंमत कोण सोडतो, सगळी सभा.

"वहिनी! इतकी वर्षं माझे कोट अंगासरसे बसतात. आजच काय झालं?"

"तुम्ही माप देताना श्वास रोखून धरता, वकीलसाहेब. मी दर वेळी तीन इंच वाढवते," ती आतून म्हणाली. "यंदा कोट कुणाचा तेच मला सांगितलं नाही."

भर दुकानात वकीलसाहेबांचं पोट जाहीर झालं! काम गेलं, दुकान गेलं, वर खटला येतो की काय, असा हिशेब मास्तर मांडू लागले.

तेवढ्यात अध्यक्ष खाकरले. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाले, "वहिनी, माझे किती वाढवता हो?"

"जवळ या, सांगते."

त्यांच्यामागे औषधवाले उभे राहिले, मग मोबाइलवाले. बघता बघता रांग लागली.

काम मिळालं! अट एकच. मापं मास्तरांनीच घ्यावीत, पण खरे आकडे फक्त वहिनींना ठाऊक असावेत. आत बोलणी चालू असताना मास्तरांनी बाहेर पायरीवर बसावं. हे कायद्याला धरूनच होतं, त्यामुळे मास्तर पायरी झटकून बसले.

संध्याकाळी शेवटचा सभासद गेल्यावर ते हसत आत आले.

"काय एकेक माणसं! श्वास रोखतात म्हणे! माझं बघ, लग्न झाल्यापासून कमरेचं माप बत्तीसच्या पुढे सरकलं नाही. पँट कशी जागच्या जागी बसते!"

बायकोनं मशीन थांबवलं.

"ती खासगी माहिती आहे," ती म्हणाली. "कामापुरत्या माणसाला ठाऊक आहे."