खैरनारकाकांची जाड तार

ताणलेली दोरी किंवा तार दिसली की आमच्या शेजारचे खैरनारकाका ती बोटाने छेडल्याशिवाय पुढे जात नाहीत. एकदा ओझरला माझ्या भावाच्या द्राक्षबागेत नेलं, तर द्राक्षं राहिली बाजूला, हे मांडवाच्या तारा वाजवत हिंडले.

माझ्या गॅलरीतली कपड्यांची दोरीसुद्धा त्यांनी सोडली नाही. "वहिनी, सैल पडलीय. आवाज बघा किती खाली गेलाय. जरा ताणून बघू." ताणता ताणता हूक प्लास्टरसकट बाहेर आला आणि दोन ओल्या चादरी खालच्या जोशीबाईंच्या कुरडयांवर पडल्या. काका वाकून बघत म्हणाले, "पण सुटायच्या आधी सूर काय लागला होता!"

मनमाडला रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस स्वतः कधी गायला नाही. गायच्या त्या काकू. रोज सकाळी तानपुरा घेऊन बसायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार खाली उतरला. काकूंनी तानपुऱ्यावर गवसणी चढवली. "संपलं ते," म्हणाल्या.

काकांनी गवसणी काढली.

आधी त्यांनी तारा सैल करून सूर खाली आणला. तारा नुसत्या भदभदल्या. "ढिलं करून भागत नाही," काका मला सांगू लागले. "तार लांब केली तरी सूर उतरतो, पण तानपुरा काय ओढून लांब होतोय? मग राहिली जाडी. तार जाड घ्यायची आणि ताण तसाच ठेवायचा."

मेनरोडच्या दुकानातून ते जाड तारा घेऊन आले. एक तुटून बोटाला लागली, दुसरी बेसूर निघाली. काका पुन्हा दुकानात. काकू वैतागल्या. "अहो, सोडा ना नाद. आवाजच नाही राहिला मला."

काका मूळचे सटाण्याचे. चिडले की अहिराणीत शिरतात. "आवाज शे ना तुना!" ते ओरडले. "आहे की! तानपुराच वर राहिलाय, त्याला खाली आणतोय मी!"

परवा दुपारी मी विरजण मागायला गेले, तर काका तानपुरा छेडत बसले होते. सूर खोल होता, पण भरलेला. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. समोर बसल्या. डोळे मिटून त्यांनी सा लावला. आवाज फाटला. खाकरून पुन्हा लावला, आणि या वेळी तो टिकला.

तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला. काकांनी हात थांबवला नाही. भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान स्वयंपाकघराकडे हलवली.

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच उभी राहिले.