भिंतीतली दोन भोकं

हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. विश्वास बसेल अशा गोष्टी सांगायला वर्तमानपत्रं आहेत. साक्षीला मिस्त्री इथेच बसलाय, त्याला विचारा. नाहीतर नको. चहा पिऊ दे बिचाऱ्याला.

तर गल्लीच्या टोकाला 'दुर्बीण' राहायचा. व्यवसायानं गुप्तहेर. गुप्त कसला, दारावर हातभर पाटी: 'गूढभेदक, सूक्ष्मदर्शी, अजिंक्य. बेल बंद आहे, कडी वाजवावी.' "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं तो म्हणायचा. मुंगी सुटत नसेलही. हत्ती रोज सुटायचा. स्वतःची हरवलेली छत्री त्यानं चार दिवस शोधली. पाचव्या दिवशी मेहुण्यानं दाखवून दिलं, की शोधायला निघताना स्वारी तीच छत्री घेऊन निघते. हा मेहुणा म्हणजे त्याचा मदतनीस. बहिणीच्या संसाराखातर माणूस काय काय सोसतो!

एक दिवस काकूंचं बोलावणं आलं. काकूंचा जन्म सरकारी दप्तरात फायली लावण्यात गेलेला; निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधायला काढलं. पंधरा दिवस लेकीकडे जाऊन आल्या, तर प्रत्येक खोलीत खिडकीशेजारच्या भिंतीला दोन आरपार भोकं! एक पोटरीशी, दुसरं डोक्याशी, ओळंबा लावावा अशी एकाखाली एक. नारळ जाईल एवढी गोल, आणि कडा घोटून गुळगुळीत.

"संध्याकाळपर्यंत याचा खुलासा झाला नाही," काकू मिस्त्रीला म्हणाल्या, "तर उद्यापासून दुसरा मिस्त्री. आणि का काढला, ते गावभर सांगेन."

मिस्त्रीचं तोंड उतरलं. वीस वर्षांत जोडलेलं नाव दोन भोकांतून गळून चाललं होतं. "काकू, नकाशाच्या कागदात आहे तसंच केलंय," एवढंच तो म्हणाला, आणि खिशातून घडी काढू लागला.

"कागद नको!" दुर्बीण गरजला. "कागद वाचून गुन्हे कारकून सोडवतात. मी भिंत वाचतो."

भिंत वाचायला त्यानं वरच्या भोकात डोकं घातलं. आत गेलं, बाहेर येईना. मेहुण्यानं पाय ओढले तेव्हा कुठे कानांसकट सुटका झाली.

"उलगडलं," तो कान चोळत म्हणाला. "चोर दोन आहेत. एक उंच, तो वरून टेहळणी करतो. दुसरा बुटका, तो खालून."

"आणि खिडकी?" मेहुण्यानं विचारलं.

"खिडकीचं काय?"

"शेजारी सताड उघडी आहे, भावजी. टेहळणी तिथूनही करता येते. उंचाला आणि बुटक्यालाही."

"म्हणूनच कुणी संशय घेणार नाही!" दुर्बीण विजयानं म्हणाला. पण काकूंची भुवई बघून त्यानं लगेच तपासाची दिशा बदलली. आता भोकं हवेसाठी होती, म्हणजे भिंतीत कुणीतरी पुरलेलं होतं. मेहुण्यानं भिंतीची जाडी मोजली: नऊ इंच. "मग बारीक माणूस असेल," दुर्बीण म्हणाला.

काकूंनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, आण तो कागद. तुला काढायचं तर पुरावा तरी फाईलला लावते."

कागद मात्र देखणा होता हं! भिंत, खिडकी, पायरी, काय रेघ, काय अक्षर! असा ठराविक नमुना एकदा काढून ठेवला, की शंभर घरांना त्याच्याच झेरॉक्स. दर घराला नव्यानं डोकं झिजवायला नको. त्यात खिडकीशेजारी दोन काळेभोर गोल होते, एकाखाली एक. नकाशाच्या प्रमाणानं वीसपट करून मिस्त्रीनं ते इमानानं भिंतीत उतरवले होते.

काकूंनी कपाटातून पंच काढला, कागदाची कड त्यात सरकवली आणि दाबला. खट्!

कागद बाहेर आला, तेव्हा काळे गोल गायब! त्यांच्या जागी नेमकी फाईलची दोन भोकं. दोन काळ्या टिकल्या तेवढ्या टेबलावर पडल्या.

"अरे देवा," काकू खाली बसल्या. "मूळ कागद कुणीतरी फाईलला लावला, आणि मग झेरॉक्स काढली. भोकं काळी उमटली. मिस्त्री, अशी किती घरं केलीस?"

"अकरा," मिस्त्री म्हणाला. "एकानं कुंड्या ठेवल्यात, एकाच्या मांजराची सोय झालीय. पहिल्याच घराला मी नकाशाच्या ऑफिसात विचारलं होतं, हे गोल कशाचे? तर म्हणाले, कागदात आहे तसं कर, अक्कल चालवू नकोस."

काकूंनी मिस्त्रीला पाणी दिलं आणि भोकं बुजवायला सांगितलं. मिस्त्री राहिला. दुर्बिणीनं पाटीवर 'छिद्रतज्ज्ञ' एवढं वाढवलं.

आता तो मूळ कागद कुणा गाढवानं काढला, कुणी पंच मारला, ते मात्र कायमचं गूढ राहिलं. नावाचा कोपराच फाटला होता ना.

"खोटं, काका." मिस्त्रीनं कप खाली ठेवला आणि खिशातून घडी काढली. "कोपरा शाबूत आहे. नाव तुमचंच: नकाशा काढणारे तुम्ही, तपासणारे तुम्ही. आणि अक्कल चालवू नकोस म्हणालात, तेही तुम्हीच."