नानांचा पेरू

आमच्या शेजारचे निवृत्तीनाना वांग्याला ‘हनुवटी वर घ्या’ म्हणतात.

राहात्यात त्यांनी चाळीस वर्षं लग्नाचे फोटो काढले. आता धंदा पुतण्याकडे दिलाय आणि नाना घरच्या घरी मोबाईलवर भाजीपाल्याचे फोटो काढतात. भर दुपारी दारं-खिडक्या बंद, स्टुलावर वांगं, मागे काळी घोंगडी आणि एका बाजूने, जुन्या कॅलेंडरच्या नळकांड्यातून, टॉर्चचा झोत. समोरून पडणाऱ्या उजेडाला ते ‘मांडवाचा उजेड’ म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. "त्यात समदी सारखीच दिसत्यात. उजेड कुशीनं यावा, मास्तर!"

टॉर्च आमचा आणि तो धरणारा मीही आमच्याच घरचा. "दोन बोटं डावीकडं. लई झालं. आता श्वास घिऊ नका." टॉर्च धरायला श्वास का रोखायचा, हे विचारायची सोय नव्हती. आतून नानी ओरडायच्या, "वांग्याचं लगीन लागलं असंल तर इकडं द्या, फोडनी जळती!"

एके दिवशी माझ्या हातून पाप घडलं. स्टुलावर एक डाग पडलेला पेरू होता. टाकाऊ असेल म्हणून मी तो खाल्ला. नानांनी आधी रिकामं स्टूल बघितलं, मग माझं हलणारं तोंड. "तुमी त्यो खाल्ला? आठ दिवस बाजार हुडकून आनला हुता!"

राहात्यासारख्या पेरूंच्या गावात एका पेरूपायी दोन दिवस अबोला! मलाही राग आला. तरी तिसऱ्या दिवशी किलोभर निवडक पेरू घेऊन गेलो. नानांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"ह्यांचा काय उपेग?" मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "दिवाळीला कढईतलं तेल उडालं, तवापासनं ती फोटोत येत न्हाई. पुढल्या महिन्यात पोरीचं लगीन हाय. म्हनती, मी आपली मागं उभी ऱ्हाईन. त्या पेरूला डाग बरोब्बर तिच्यावानी हुता, डाव्या गालावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सगळा बाजार पालथा घातला. चांगले पेरू बाजूला सारून डागाळलेला शोधणारं गिऱ्हाईक बघून विकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मनासारखा एक सापडला. नानांनी तासभर खपून त्याचा फोटो काढला. डाग तिथंच होता, पण सावलीत असा मऊ बसला होता की नजर आधी पेरूच्या उजळ बाजूवर जायची.

नानी झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. मोबाईलमधला पेरू बराच वेळ बघत राहिल्या. मग झारा ठेवला, पेरू उचलून माझ्या हातात दिला आणि त्याच्या जागी स्टुलावर बसल्या.

मी टॉर्च धरला. यावेळी कोणी न सांगताच माझा श्वास थांबला. चाळीस वर्षं अख्ख्या तालुक्याला हुकूम सोडणाऱ्या नानांच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. नुसते बघत राहिले.

शेवटी नानीच म्हणाल्या, "अवो, हनुवटी वर घिऊ का?"