किसनभाऊंची ट्रायल

आमच्या शेजारच्या दारातून एक पन्नाशीचा गृहस्थ कंपनीच्या युनिफॉर्मात आत शिरतो आणि तीन मिनिटांत लग्नातला सफारी चढवून, बुटांच्या नाड्या बांधून बाहेर येतो. दारात मी मोबाइलवर वेळ मोजत उभा.

"किती, सर?"

"तीन बारा."

"बारा सेकंद जास्त. बटनं लई टाइम खात्यात," म्हणून तो पुन्हा आत पळतो. आता ट्रॅकसूट.

हे किसनभाऊ. चाकणजवळच्या गावचे, घरची थोडी शेती आणि एका कंपनीत क्वालिटी तपासायची नोकरी. घरीही ते ड्यूटीवरच असतात. भाकरी करपली की वहिनींना "रीवर्क", म्हणजे परत करा, असा शेरा मिळतो. वहिनी तीच भाकरी त्यांच्याच ताटात वाढतात. रिजेक्ट मात्र या माणसानं काही केलेलं मी पाहिलं नाही. माझा बंद पडलेला मिक्सरसुद्धा भंगारात जाऊ दिला नाही त्यांनी.

मुलगी स्वाती लष्करात अधिकारी व्हायला निवडली गेली, तेव्हा भावकीनं नाक मुरडलं. पोरीच्या जातीला झेपंल का? किसनभाऊ वाद घालत बसले नाहीत. देहूरोडच्या एका निवृत्त सुभेदाराला गाठून अकॅडमीत काय काय करून घेतात ते त्यांनी वहीत उतरवून आणलं आणि घरात फर्मान काढलं, "ट्रायल झाल्याबिगर लाईन चालू न्हाई. पयलं मी करनार."

कपडे बदलायची कवायत त्यातलीच. मेसमध्ये काट्याचमच्यानं जेवावं लागतं म्हणून त्यांनी मासवडीला सुरी लावली. वडी उडून माझ्या मांडीवर आली. शेतातल्या आंब्याला दोर बांधून वर चढले ते छान, पण उतरता येईना. शेवटी खाली ट्रॅक्टरची ट्रॉली लावली. स्वातीनं केस कापले त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत हेही बसले. सलूनमधला कारागीर बिचारा गोंधळला, कारण कापायला फारसं काही नव्हतंच. प्रत्येक गोष्ट बापानंतर स्वाती करायची, त्यांच्यापेक्षा लवकर, आणि ते खूश होऊन "पास" म्हणायचे.

ती अकॅडमीत गेली तरी यांची ट्रायल संपली नाही. पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन फेऱ्या. रविवारी फोन यायचा. "पप्पा, मुलगी म्हणून इथं सूट नाही. पाठीवर वजन सगळ्यांना सारखंच," ती एकदा म्हणाली. सोमवारी पिशवीत दोन किलो तांदूळ वाढला.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना फोन आला. स्पीकर चालू होता. धावताना स्वातीच्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता. लांब पल्ल्याची दौड हुकली. तिच्या तुकडीच्या खांद्यावर तारे लागणार, आणि तिला सहा महिने मागे, नव्या मुलींबरोबर बसवणार.

"मी घरी येते, पप्पा. भावकीचंच खरं झालं."

किसनभाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काढून टाकलंय, का परत कर म्हनत्यात?"

"परत कर म्हणतात."

"मंग ते रीवर्क हाय, पोरी. रिजेक्शन न्हाई."

ती रडायला लागली. हेही रडले, माझ्यादेखत, चहा निवत ठेवून. मला तिथून उठावं की बसावं कळेना. शेवटी ती "बघते" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुटांचा आवाज आला नाही. काळजी वाटून मी खाली गेलो. किसनभाऊ बूट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"बरं नाही का?"

"तिच्या पायाला प्लॅस्टर हाय. मी कसा पळू?"

कित्येक आठवडे ते रोज तसेच बसले. दर रविवारी तिकडून "बघते" यायचं, आणि सोमवारी हे पुन्हा खुर्चीत. लोक हसायचे. आधी मीही हसलो; मग हसवेना.

परवा सोमवारी पाहतो तर खुर्ची रिकामी. किसनभाऊ भिंतीच्या कडेनं, एकेक पाऊल जपून टाकत चालले होते.

"राहते म्हनली," मला पाहून ते म्हणाले. "आजपासनं चालायला सांगितलंय तिला."

सवयीनं मी मोबाइल काढला.

"आज टाइम नका लावू, सर," ते म्हणाले. "हळूच चालू द्या तिला."