पर्वती चोरणाऱ्यांच्या बाई

पुण्यातल्या आमच्या चर्चमागच्या खोलीत रविवारी सकाळी सात वर्षांचा एक मुलगा गुडघे टेकतो आणि गंभीरपणे सांगतो, "मी पर्वती चोरली."

पडद्याआडून आवाज येतो, "कुठे ठेवलीस?"

"दप्तरात."

"चालेल. जागेवर ठेवून ये आणि एक नमो मरिया म्हण. पुढचं पाप!"

हा फिलोबाईंचा धर्मशिक्षणाचा वर्ग. पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद, घेण्याआधी मुलांना फादरांसमोर आपली पापं सांगावी लागतात. आयुष्यातलं पहिलंच कन्फेशन, त्यामुळे बाई त्याची तालीम घेतात. तालमीचा नियम एकच. खरं पाप फादरांच्या कानात. इथे फक्त न जमण्यासारखं पाप आणायचं. पूर्वी साधी खोटी पापंही चालत. मग एकाने "मी आजीची कवळी लपवली" असं सांगितलं आणि बाकीच्यांनी घरोघर बातमी पोचवली. आजीची कवळी खरोखरच सापडत नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाला.

आता या वर्गात कुणी मेट्रो खाल्लेली असते, कुणी मुठा नदी एका घोटात प्यायलेली असते. "उलटी झाली असेल," बाई म्हणतात, "तेच प्रायश्चित्त. पुढचं!" माझ्या नातीने, रियाने, एकदा सांगितलं, "मी लक्ष्मी रोडवर रिकामं पार्किंग बघितलं आणि बाबांना सांगितलं नाही." बाईंनी ते नाकारलं. "हे पाप नाही, चमत्कार आहे. चमत्कार पुढच्या इयत्तेला."

मला फिलोबाईंचा मत्सर वाटतो. तो पापांच्या यादीत बराच वर आहे हे मला ठाऊक आहे. ती यादी मला बाईंपेक्षा चांगली पाठ आहे. मी पस्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. पण घरी मी तोंड उघडलं की रिया म्हणते, "आजोबा, टीचर असं नाही सांगत."

एकदा मी आपणहून त्यांच्या वर्गात बोलायला गेलो. विषय, श्रद्धा आणि बुद्धी. मुलांच्या वयाला झेपेल असं बोललो. शेवटी विचारलं, "काही शंका?" पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "तुमचं झालं का?"

मग बाई उठल्या. म्हणाल्या, "आई स्वयंपाकघरात असते. तुम्हाला दिसत नाही. पण फोडणीचा वास येतो की नाही?"

"येतोऽऽ!"

"मग देव दिसत नाही म्हणून कशाला घाबरायचं? ताट घेऊन बसायचं."

हे तर्कशास्त्रातलं, धुरावरून अग्नी ओळखण्याचं जुनंच उदाहरण आहे. मी ते दरवर्षी शिकवलं, आणि एकही विद्यार्थी कधी ताट घेऊन बसला नाही.

गेल्या वर्षी चर्चने बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार, तीन भाषणं, त्यांतलं एक माझं. बाईंनी शाल घेतली, वास घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "जाड आहे. आरपार दिसणार नाही." पुढच्या रविवारी ती शाल कपाट आणि खिडकीच्या मध्ये दोरीवर टांगलेली होती. तोच तो कन्फेशनचा पडदा. माझ्या स्वतःच्या सत्काराच्या चार शाली डांबराच्या गोळ्यांत सुरक्षित आहेत. त्या दिवशी मला त्या शालींकडे बघवेना.

मुलगा आणि सून आठवडाभर हिंजवडीला राबतात आणि रविवारी झोपतात, त्यामुळे रियाला आणणं-नेणं माझ्याकडे. वर्ग अकराला सुटतो. मी पावणेअकरालाच खिडकीखाली उभा राहतो आणि दार उघडताच पहिली हाक मारतो. आपली वस्तू आपण लवकर ताब्यात घेतलेली बरी.

यंदा प्रश्न मेणबत्तीचा होता. कम्युनियनच्या दिवशी मूल वेदीपर्यंत चालत जातं, आणि त्याने स्वतः निवडलेलं एक मोठं माणूस पेटती मेणबत्ती घेऊन त्याच्या शेजारी चालतं. आईबाबांना फोटो काढायचे होते, म्हणजे जागा मोकळी होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मेणबत्तीला कोण?"

"अजून नाही ठरलं. एक टीचर आहेत, एक तुम्ही."

क्रम मी लक्षात ठेवला.

पुढच्या रविवारी मी साडेदहालाच खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. तालमीला कन्फेशनची गुप्तता लागू होत नाही, असं माझं मत आहे. आत मुलांनी हट्ट धरला होता: आज टीचरनी पाप सांगायचं. शालीमागच्या खुर्चीवर रिया फादर होऊन बसली होती. बाईंचे गुडघे टेकताना वाजलेले मला बाहेर ऐकू आले.

"बोला," रिया घोगऱ्या आवाजात म्हणाली. "काय पाप केलं?"

"फादर, वर्ग सुटला की मी सगळी मुलं पिशवीत भरते आणि घरी घेऊन जाते."

वर्ग खिदळला.

"किती वेळा?"

"दर रविवारी."

"परत देता का?"

"नाही देत. वरणभात करते. सगळ्यांना ओळीने वाढते. माझ्याकडे ताटं भरपूर आहेत."

"मग रडत नाही का कुणी?"

"मुलं नाही रडत," बाई म्हणाल्या.

हसणं बंद झालं. शालीमागे फादर विचार करत असावेत. मग घोगरा आवाज सोडून रिया आपल्या आवाजात म्हणाली, "चालेल. पण प्रायश्चित्त आहे. सगळी परत द्यायची. एकेक करून."

"बरं, फादर."

"आणि मला शेवटी."

अकरा वाजले. दार उघडलं. मी हाक मारली नाही. फाटकाबाहेर जाऊन तिथल्या पाट्या वाचत उभा राहिलो.

घरी जाताना मी म्हटलं, "मेणबत्ती टीचरना दे."

"दिली होती. त्या म्हणाल्या, माझे हात थरथरतात, आजोबांना दे."

फळ्यावर आखीव वहीतल्यासारखी सरळ अक्षरं काढणाऱ्या बाईंचे हात थरथरतात, यावर माझा विश्वास बसला नाही. मेणबत्ती मी घेतली. मत्सर कमी झाला म्हणावं, तर उलट वाढला. आता तो त्यांच्या मोठ्या मनाचाही वाटतो.

कम्युनियन होऊन गेलं, रिया वरच्या इयत्तेत गेली, तरी वर्ग बाईंचाच आहे. मी रविवारी कोपऱ्यावरच्या बेकरीत चहा घेत बसतो. सगळी मुलं गेलेली दिसली की फाटकाशी जातो. बाई दारात उभ्या असतात. रिया कोरडा फळा पुन्हा पुसत असते.

"काय प्रोफेसर, आज पण उशीर?"

"नगर रोडला ट्रॅफिक," मी सांगतो. आमचं घर मागच्याच गल्लीत आहे, मध्ये नगर रोड येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

"चालेल," बाई म्हणतात.